रुग्णालयाचा कारभार आणि घरबसल्या त्याचे शिक्षण

व्यापारी कुटुंबातील मुलाने वैद्यकाकडे वळावयाचे म्हणजे डॉक्टर व्हावयाचे, आणि ते न साधल्यास औषधांचे दुकान काढावयाचे, अशी समजूत आपल्याकडे बरीच वर्षे चालत आली. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा व्यवसाय आहे, ही गोष्ट अनेक पालकांच्या अद्यापि ध्यानी आलेली नाही. तो व्यवसाय म्हणजे रुग्णालयाचा कारभार पाहणे. त्याचे पदव्युत्तर शिक्षण आता हातची नोकरी न सोडता, घरच्या संगणकावर ऑनलाइन घेता येते. आणि नेमक्या याच सोयीमुळे त्याच्या जाहिरातींचाही सुळसुळाट झाला आहे. सभासदांच्या घरी हा विषय निघतो तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो : पैसे भरावे की न भरावे? त्याचे उत्तर देण्यापूर्वी या विद्येत शिकावयाचे तरी काय असते, हे पाहणे आम्हांस अवश्य वाटते.

विद्या तशी जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर परिचारिका म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु रुग्णालयांच्या रचनेवर १८५९ साली ग्रंथ लिहिणाऱ्या, आणि सर्व रुग्णालयांनी आपले आकडे एकाच नमुन्यात ठेवावेत म्हणून झटणाऱ्याही त्याच होत. किती रोगी आले, किती बरे झाले, किती दगावले, किती दिवस राहिले, याची नोंद एकसारखी नसेल तर दोन रुग्णालयांची तुलना होणार कशी, हा त्यांचा सवाल होता. पुढे अमेरिकेत शिकागो विद्यापीठात १९३४ साली मायकेल डेव्हिस यांच्या पुढाकाराने रुग्णालय-प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, आणि डॉक्टरच्या विद्येहून ही विद्या निराळी आहे, याला विद्यापीठाची मान्यता मिळाली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ज्यांच्या घरात कीर्द-खतावणी पिढ्यानपिढ्या चालली, त्यांना यातील हिशेब परका वाटणार नाही. समजा, एका रुग्णालयात ५० खाटा आहेत. ३० दिवसांच्या महिन्यात उपलब्ध खाट-दिवस झाले १५००. त्यांपैकी १०५० दिवस खाटांवर रोगी होते, म्हणजे खाटांचा वापर ७० टक्के. त्या महिन्यात २१० रोगी घरी गेले. १०५० ला २१० ने भागले की सरासरी मुक्काम ५ दिवसांचा निघतो. उरलेले ४५० खाट-दिवस २१० रोग्यांत वाटले, तर एक रोगी गेल्यावर दुसरा येईपर्यंत खाट सरासरी दोन दिवसांहून किंचित अधिक काळ रिकामी राहते. वखारीतील माल किती दिवसांत फिरतो, हे पाहण्याचीच ही रीत. रोज सात रोगी येतात आणि प्रत्येक जण पाच दिवस राहतो, तर कोणत्याही क्षणी सरासरी ३५ खाटा भरलेल्या असणार. हा साधा दिसणारा नियम जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ साली गणिताने सिद्ध केला आणि तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. मुक्काम पाचावरून चार दिवसांवर आला, तर त्याच रोजच्या सात रोग्यांना २८ खाटा पुरतात. एकही वीट न रचता सात खाटा मोकळ्या झाल्या!

येथे मात्र व्यापाऱ्याच्या अंगवळणी पडलेली बुद्धी फसण्याचा संभव असतो. दुकानात रिकामे फडताळ म्हणजे तोटा. तेव्हा खाटा शंभर टक्के भराव्यात, असे विश्वस्त मंडळावर बसलेल्या एखाद्या शेठजींना साहजिकच वाटते. रुग्णालयाचे गणित तसे नाही. अपघाताचा रोगी वेळ घेऊन येत नाही. खाटांचा वापर पंचाऐंशी टक्क्यांच्या पलीकडे गेला की तातडीच्या रोग्याला व्हरांड्यात थांबावे लागते, चादरी बदलण्यास व खोली निर्जंतुक करण्यास उसंत मिळत नाही, आणि थकलेल्या परिचारिकेच्या हातून चूक होण्याची शक्यता वाढते. काही खाटा जाणूनबुजून रिकाम्या ठेवणे हीच तेथील शिल्लक. हा फरक ज्याला उमगला, त्याने या विद्येतील निम्मी वाट चालली असे आम्ही म्हणू.

औषधभांडाराचे शास्त्र तर आपल्या माणसाला हाताच्या तळव्यासारखे. साधारणपणे एकूण जिनसांपैकी दहाएक टक्के जिनसांवर सत्तर टक्के पैसा जातो. त्यांचा साठा रोजच्या रोज पाहावा, बाकीच्यांचा महिन्याने पाहिला तरी चालते. परंतु किमतीबरोबर दुसरी एक चाळणी येथे लावावी लागते : जिच्यावाचून जीव जाईल अशी वस्तू, जिच्यावाचून अडेल अशी वस्तू, आणि नसली तरी निभेल अशी वस्तू. दोन रुपयांचे एखादे इंजेक्शन पहिल्या वर्गात बसते आणि हजारांची गोळी तिसऱ्यात. जे आधी आले ते आधी विकावे हा दुकानाचा नियम. येथे ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढावे लागते, मग ते केव्हाही आलेले असो.

रुग्णालयाचा कचरा हा तसा कोणी उत्साहाने बोलण्याचा विषय नव्हे. परंतु २०१६ सालच्या नियमांप्रमाणे तो पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या व निळ्या रंगांच्या वर्गवारीने वेगळा करावा लागतो, आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून अधिक ठेवता येत नाही. हे नियम कागदावर पाठ करणे सोपे. रात्रपाळीच्या कामगाराकडून ते पाळून घेणे हा कारभार.

विम्याचे कामही असेच. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये असे ठरविले की, रोख पैसे न भरता उपचाराची मंजुरी विमा कंपनीने एका तासात द्यावी आणि घरी जाण्याच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. परंतु डॉक्टरांनी सकाळी दहाला सुटी दिली आणि आपलेच कागद दुपारी चारला रवाना झाले, तर विमा कंपनीला दोष कसा द्यावा? केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची योजना आहे, गोव्यात दीनदयाळांच्या नावाची, तेलंगणात आरोग्यश्री. प्रत्येकीचे दर निराळे, कागदपत्रे निराळी. रोगी बरा होऊन गेला तरी येणेबाकी वसूल होईपर्यंत रुग्णालयाचा व्यवहार पुरा होत नाही, आणि लहान रुग्णालये येथेच बुडतात.

हे सारे पैशाचे झाले. परंतु कारभार ढासळला म्हणजे केवळ पैसा जातो असे नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके गेली. त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी नाशिकच्या महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला. किमान बावीस रोगी दगावले. वीज, नळ, झडप, आगीचा इशारा देणारी घंटा, रात्रीच्या पाळीत किल्ली कोणाजवळ आहे : या गोष्टी वैद्यकाच्या पुस्तकात नसतात. त्या कोणीतरी पाहावयाच्या असतात, आणि ते 'कोणीतरी' म्हणजे कारभारी. या व्यवसायाकडे 'डॉक्टरकी हुकली म्हणून' अशा दृष्टीने पाहणाऱ्या पालकांनी ही दोन गावे आठवावीत.

आता शिक्षणाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाची नियमावली केली. तीनुसार मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची ऑनलाइन पदवी ही वर्गात बसून मिळविलेल्या पदवीच्या बरोबरीची समजली जाते. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा 'ऑनलाइन पदवीला किंमत नाही' हे म्हणणे आता खरे नाही. परंतु विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे निराळे, आणि तोच अभ्यासक्रम ऑनलाइन चालविण्याची त्याला त्या सत्रासाठी परवानगी असणे निराळे. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर सत्रवार यादी असते. विद्यापीठाचे नाव व अभ्यासक्रमाचे नाव ही दोन्ही त्या यादीत जुळली पाहिजेत. परिचारिका, औषधनिर्माण, भौतिकोपचार यांचे शिक्षण या मार्गाने देण्यास मनाई आहे, आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र अशा आरोग्याशी निगडित विषयांवरही बंदी आली. व्यवस्थापन हा विषय वेगळा. तथापि सीमारेषा सरकत आहेत हे लक्षात घेऊन मागच्या वर्षीच्या यादीवर विसंबू नये.

आपल्या संघाचे सभासद अनेक प्रांतांत विखुरलेले असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. हैदराबादचे मुक्त विद्यापीठ १९८२ चे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण विद्यापीठ १९८९ चे, भोपाळचे भोज विद्यापीठ १९९१ चे, अहमदाबादचे १९९४ चे, म्हैसूरचे १९९६ चे. राज्याच्या विद्यापीठाच्या दूरस्थ अभ्यासक्रमाची केंद्रे त्या त्या राज्याच्या हद्दीतच असतात. बेळगावचा मुलगा मराठीच्या ओढीने नाशिककडे पाहतो, पण त्याच्या गावी त्या विद्यापीठाचे केंद्र असू शकत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमाला ही हद्द लागू नाही. सीमाभागातील व परप्रांतातील मराठी कुटुंबांना त्याचा खरा लाभ हा आहे. १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ तर सर्व देशाचे आहे.

वेळेचा हिशेब जाहिरातदार सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो. या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास धरतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम ८० श्रेयांकांचा असेल तर झाले २४०० तास. १०४ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला तेवीस. दिवसभर रुग्णालयात राबून रात्री घरी येणाऱ्या माणसाने रोज तीन तास कोठून काढावयाचे, याचा विचार प्रवेशाआधी घरातल्या मंडळींनी एकत्र बसून केला पाहिजे, विशेषतः ती घरची सून असेल तर. स्वयंपाक व मुलांचा अभ्यास तिच्यावर तसाच ठेवून 'शिक ना, आमची हरकत नाही' असे म्हणणे म्हणजे परवानगी नव्हे. परीक्षेत सत्रान्त लेखी कसोटीचे वजन निदान सत्तर टक्के असते. चित्रफिती नुसत्या चालू ठेवून पदवी हाती येत नाही.

हे शिक्षण कोणास अधिक फळते? आमच्या मते, जो आधीच रुग्णालयात आहे त्यास. दहा वर्षे वॉर्डात काढलेली परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषधनिर्माणाची पदवी घेऊन बिलांच्या खिडकीवर बसणारा तरुण, धर्मादाय दवाखान्याचा हिशेब सांभाळणारा दिवाणजी : यांच्याजवळ अनुभव आहे, त्याला नावे व मोजमापे हवी आहेत. मुक्कामाचे गणित सकाळी शिकले आणि दुपारी आपल्याच वॉर्डाच्या नोंदवहीवर लावून पाहिले, असे त्यांना करता येते. ज्याने रुग्णालय केवळ आजोबांना भेटावयास म्हणून पाहिले, अशा नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाला घरी बसवून ही पदवी देणे आम्हांस पसंत नाही. त्याने एक तर निवासी अभ्यासक्रमाला जावे, नाही तर आधी वर्षभर कोठेही, अगदी नोंदणीच्या खिडकीवर का होईना, काम करावे. मृताच्या नातलगांना बिल कसे सांगावयाचे, रात्री दोनला दोन डॉक्टरांतील वाद कसा मिटवावयाचा, हे पडद्यावर शिकता येत नाही.

गोडी आहे की नाही हे थोडक्यात पाहावयाचे असल्यास केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे जुलै २०१७ मध्ये सुरू झालेले व्यासपीठ आहे. तेथे शिकण्यास पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क. संख्याशास्त्र, हिशेब, व्यवस्थापन, सार्वजनिक आरोग्य यांतील एखादा पाठ्यक्रम शेवटपर्यंत पुरा झाला, तर मोठ्या पदवीचा विचार करावा.

मध्यस्थांविषयी दोन शब्द. आयोगाच्या नियमांत विद्यापीठाला आपली पदवी दुसऱ्या कंपनीकडे ठेक्याने देता येत नाही, आणि जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने याबद्दल जाहीर सावधगिरीची सूचनाही दिली. तेव्हा फोनवर गोड बोलणारा कोणीही असो, शुल्काची पावती विद्यापीठाच्या नावाची असली पाहिजे. 'नोकरीची हमी' हे शब्द कोणी उच्चारले तर ती हमी लेखी मागावी. तेथेच संभाषण संपते, असा आमचा अनुभव आहे. मासिक हप्त्याने शुल्क भरण्याची सोय म्हणून जो कागद पुढे केला जातो, तो पुष्कळदा कर्जाचा करार असतो. अभ्यासक्रम मध्ये सोडला तरी हप्ते चालू राहतात. आपण व्यापारी आहोत, कागद वाचल्याशिवाय सही करू नये हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

प्रवेशाची सत्रे बहुधा वर्षातून दोन असतात, जानेवारीची आणि जुलैची. २०२४ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला आयोगाच्या संकेतस्थळावर आपला 'डेब' ओळखक्रमांक काढावा लागतो आणि त्यासाठी श्रेयांक-पेढीतील खाते लागते. ही नोंद स्वतः करावी, मध्यस्थाच्या हाती आधार कार्ड देऊन करवून घेऊ नये; तो क्रमांक पुढे विद्यार्थ्याच्याच नावाने चालावयाचा असतो.