धावा, नीट जेवा आणि आपले वजन ओळखा



'आरोग्य हीच खरी संपत्ती' हा सुविचार आपल्या फळ्यावर वर्षातून दहा वेळा तरी येतो. पण ही संपत्ती मिळवायची कशी? त्यासाठी धावणे, वजन आणि आहार या तीन गोष्टींची माहिती मी या अंकात देत आहे. काही माहिती गुरुजींनी सांगितली, काही उपकेंद्रातल्या सिस्टरांनी दिली. गणिते मात्र मी स्वतः सोडवली आहेत.

१. धावणे

आपले हृदय हा एक स्नायूच आहे. रोज धावले की तो बळकट होतो व एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो. म्हणून सराव असलेल्या माणसाची नाडी बसलेली असताना सावकाश चालते. धावण्याने हाडे मजबूत होतात, भूक चांगली लागते आणि झोपही गाढ येते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी रोज निदान एक तास अंग हलेल असा खेळ किंवा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमची आजी म्हणते, "आम्हाला कुठं पळायला लागायचं? रानातच जीव दमायचा." खरे आहे. पण आता आपण शाळेत बसतो आणि घरी मोबाइल घेऊन बसतो, म्हणून मुद्दाम धावावे लागते.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबातले अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर चालत, धावत शाळेत जात. पुढे ते सैन्यात गेले. तिथे एकदा त्यांचे वजन वाढले होते, ते त्यांनी सराव करून उतरवले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक मिळवले आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक! सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात अंतिम फेरीत धावल्या. दोन्ही गावे दुष्काळी पट्ट्यातली आहेत, हे लक्षात ठेवा.

धावताना हे पाळा :
(अ) आधी पाच मिनिटे भरभर चाला, मग धावा. शेवटी एकदम खाली बसू नका, चालत थांबा.
(आ) बोलता येईल इतक्याच वेगाने सुरुवात करा.
(इ) जेवल्यावर दोन तास धावू नका.
(ई) डांबरी सडकेपेक्षा मैदान बरे. सडकेवर धावायचेच झाले तर समोरून गाड्या येतील अशा बाजूने धावा.
(उ) ताप असेल तर सुट्टी घ्या.

२. वजन

माझी ताई पोलीस भरतीची तयारी करते. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. "वजन कमी केलं की वेळ कमी लागेल," असे तिला कोणीतरी सांगितले. मग तिने भाकरी सोडली. सकाळी नुसता चहा आणि दोन बिस्किटे घेऊन ती मैदानावर जायची. एक दिवस धावताना तिला चक्कर आली. उपकेंद्रात सिस्टरांनी रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ९ भरले. बायकांचे ते निदान १२ हवे.

सिस्टरांनी मला एक सूत्र दिले. वजन किलोमध्ये घ्यायचे आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. मोठ्या माणसांचे उत्तर १८.५ ते २३ च्या आत आले तर वजन योग्य समजतात.

ताईची उंची १.५८ मीटर, वजन ५२ किलो.
५२ ÷ १.५८ ÷ १.५८ = २०.८

म्हणजे ताईचे वजन मुळात योग्यच होते! ती उगाच उपाशी राहत होती. तिला कमी पडत होते ते रक्तातले लोह.

मित्रांनो, हे सूत्र मोठ्यांसाठी आहे. आपली उंची अजून वाढते आहे, म्हणून मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे तक्ते असतात. कोणाला 'जाड्या' किंवा 'काडी' म्हणून चिडवू नका.

३. आहार

एक किलोमीटर धावले की, जितके किलो वजन तितक्या कॅलरी साधारण खर्च होतात. माझे वजन ३२ किलो, म्हणजे सुमारे ३२ कॅलरी. बिस्किटाच्या ५० ग्रॅमच्या पुड्यात सुमारे २२५ कॅलरी असतात. २२५ ÷ ३२ = सुमारे ७. एका पुड्यासाठी सात किलोमीटर! आणि त्यात प्रथिने व लोह मात्र थोडेच.

त्यापेक्षा आपल्या घरचे पाहा. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. मटकी, हुलगे, हरभरा यांतही प्रथिने भरपूर. बाजरी व पालेभाजीत लोह असते. वर लिंबू पिळले की ते अंगाला चांगले लागते. जेवणाबरोबर चहा घेतला की ते नीट लागत नाही, म्हणून चहा तासभर उशिरा घ्यावा. ज्यांना चालते त्यांनी अंडी खावीत.

ताई आता धावण्याआधी मूठभर भिजवलेले हरभरे खाते, आल्यावर भाकरी-उसळ खाते आणि सिस्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेते. आधी तिला ८०० मीटरला चार मिनिटे लागत. चार महिन्यांनी साडेतीन मिनिटे लागली. वजन तेवढेच आहे.

पालकांना विनंती

सगळ्यांचे झाल्यावर आई उरलेसुरले खाते, कधी कालवण संपलेले असते. मुलींनाही तीच सवय लागते. कृपया घरात सर्वांनी एकत्र जेवावे आणि उसळ आईच्या ताटातही वाढावी. खाऊसाठी दहा रुपये देण्यापेक्षा दप्तरात शेंगदाणे-गूळ द्यावा.

करून पाहा

सकाळी उठल्याबरोबर मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा व वहीत लिहा. महिनाभर रोज धावा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे पुढच्या अंकासाठी माझ्याकडे द्या, आपण वर्गाचा तक्ता करू.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी