यंत्रे दुप्पट, वेग तेवढाच

प्रश्न : हवामानाचे मॉडेल ८ऐवजी १६ संगणकांवर चालवले, तरी वेळ वाचला नाही. का? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : अशा मॉडेलमध्ये नकाशाचे तुकडे पडतात; प्रत्येक संगणक आपला तुकडा सोडवतो. पण निफाडच्या तुकड्याला शेजारच्या सिन्नरच्या कडेवरचे वारे, तापमान दर टप्प्याला लागतेच. तुकडे लहान झाले की गणित घटते, देवाणघेवाण मात्र त्या प्रमाणात घटत नाही. संगणक एकमेकांची वाट पाहत राहतात. पुण्यातल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या ‘प्रत्यूष’सारख्या महासंगणकालाही म्हणूनच वेगवान अंतर्गत जाळे लागले.

शिवाय, संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच बजावले होते : कामाचा दहावा हिस्सा एकापाठोपाठ एकच होणार असेल, तर कितीही यंत्रे जोडली तरी वेग दहापटीपुढे जात नाही.

आधी प्रोफायलर हे वेळ मोजणारे साधन चालवून वेळ नेमका कुठे जातो ते पाहावे. नवे संगणक त्यानंतर घ्यावेत.