शरणागत आणि त्याची चौकशी

वाचन : गणना 35:9-34, यहोशवा 20, अनुवाद 19:15-21.

सन 1923 मध्यें अमेरिकेंत ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ हा मूकपट निघाला. व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच ग्रंथकाराच्या 1831 सालच्या कादंबरीवरून तो रचिला आहे. पंधराव्या शतकांतील पॅरिस शहरीं एस्मेराल्दा नांवाच्या गरीब मुलीवर फीबस या सरदारास भोसकल्याचा आळ येतो. खरा अपराधी जेहान मोकळाच राहतो. छळ करून तिच्या तोंडून कबुली काढितात. फांशीच्या वेळीं कुबडा घंटावाला क्वासिमोदो तिला उचलून मंदिरांत नेतो. मंदिरांत शिरलेल्यास बाहेर ओढूं नये, असा त्या काळीं रिवाज होता.

हा आश्रय म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला होता काय? नाहीं. इस्राएलाच्या सहा शरणपुरांचा नियम पाहावा. पळून आलेला मनुष्य वेशीपाशीं उभा राहून वडिलांस हकीकत सांगे. मंडळीपुढें न्याय होईपर्यंत त्याला सूड घेणाऱ्याच्या हातीं देत नसत. मात्र बुद्धिपुरस्सर खून करणाऱ्यास तेथें थारा नव्हता. आश्रय रागाला थांबवितो. सत्य शोधण्याचें काम चौकशीचें आहे.

मूकपटांत हीच उणीव दिसते. भोसकलेला फीबस जिवंत होता, तरी छळानें काढिलेल्या कबुलीवर निकाल लागला. पुढें एस्मेराल्दाचे सोबती तिला सोडविण्यास येतात, तेव्हां क्वासिमोदो त्यांस शत्रु समजून वरून दगड व तापलेला रस ओततो. विचारपूस न करितां केलेलें रक्षणही घातक होतें.

गांवांत चोरी झाली म्हणजे पुराव्याआधीं बोट कोणाकडे वळतें, हें वाचकांस सांगणें नको. असा कोणी आपल्या दारीं आला तर त्याला आंत घ्यावें व जमाव बाहेर ठेवावा. त्याची हकीकत ऐकावी, फिर्यादीकडेही स्वतः जावें, आणि पोलीस पाटलाकडे जातांना त्याच्या बरोबर चालावें. तो आपल्या मंडळीचा आहे म्हणून निर्दोष मानूं नये. परका आहे म्हणून दोषीही मानूं नये.

विचारासाठीं प्रश्न :
1. शरणपुराच्या वेशीवर वडील काय करीत?
2. खोट्या साक्षीदारास कोणती शिक्षा सांगितली आहे?
3. आमच्या मंडळीनें कोणास चौकशीवांचून दोषी ठरविलें आहे काय? असल्यास त्याच्या घरीं प्रथम कोण जाईल?