हा भुंगेरा कोणता?

मृगाचा पहिला पाऊस झाला की दिवेलागणीला तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात. दिव्यावर आपटतात. कडुनिंबावर, बाभळीवर बसून पाला खातात. त्यांची मादी मातीत अंडी घालते. अंड्यातून पांढरी, वाकडी, तपकिरी डोक्याची अळी निघते. तीच हुमणी. ती पिकाची मुळे खाते. वर झाड वाळते, कारण दिसत नाही. उपटून पाहावे तर मूळच नाही!

पण वाकडी पांढरी अळी म्हणजे हुमणीच, असे नव्हे. आम्ही हेडमास्तर असताना ही चूक केली. शाळेच्या बागेसाठी शेणखत आणले होते. त्यात जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या. आम्ही म्हटले, "मारा रे सगळ्या! हुमणी आहे." पोरांनी मारल्या. एकाने मात्र एक अळी फरशीवर ठेवली. म्हणाला, "गुरुजी, हे त पाठीवर चालून राह्यली!" आम्ही त्यालाच दटावले. पुढे कळले, पोरगा बरोबर होता. पाठीवर सरपटते ती फुलभुंग्याची अळी. ती कुजलेला पालापाचोळा, शेण खाते, खत मुरवते. हुमणी तशी चालत नाही.

हुमणीचे भुंगेरे, फुलभुंगे, शेणाचे गोळे लोटत नेणारे शेणकिडे, हे सारे एकाच कुळातले. जगात या कुळाच्या सुमारे ३० हजार जाती नोंदलेल्या आहेत. अजूनही नव्या सापडतात. नवी जात म्हणजे काल जन्मलेली नव्हे. किडा जुनाच असतो, नोंद नवी.

ती नोंद कशी करतात? किडा वाळवून टाचणीला लावतात. खाली चिठ्ठी असते: गाव, तारीख, पकडणाऱ्याचे नाव. चिठ्ठी नसेल तर किड्याची किंमत निम्मी गेली. मग भिंगाखाली पायांचे दाते, मिशा आणि नराचा जननाचा अवयव पाहतात. वरून जुळे भाऊ वाटणारे दोन भुंगेरे पुष्कळदा याच अवयवावरून वेगळे ठरतात. जुन्या नमुन्यांशी, पुस्तकांशी ताडून पाहतात. कोठेच जुळला नाही तर वर्णन लिहून, दोन शब्दांचे नाव देऊन छापतात. एक नमुना पुरावा म्हणून जपून ठेवतात. आपल्या देशात हे काम १९१६ साली स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था करते. ती कोलकात्यात आहे. तिचे एक केंद्र पुण्यालाही आहे.

हुमणीच्या एका जातीचे नाव होलोट्रिकिया सेराटा. सेराटा म्हणजे करवतीसारखे दाते असलेली. फाब्रिशियस या डेन्मार्कच्या पंडिताने १७८१ साली हा शब्द दिला. आपले पणजे तिला त्याआधीच शिव्या देत होते. पण त्या शिव्या कोणी छापल्या नाहीत.

नावाचा उपयोग काय? प्रत्येक जातीची बाहेर पडण्याची वेळ आणि बसण्याचे झाड वेगळे असू शकते. नाव ठाऊक असले की अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कळलेली गोष्ट दुसऱ्या मुलखातल्या माहितीशी ताडून पाहता येते. उपाय वेळेवर होतो. पहिल्या पावसानंतर रात्री फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. हे अंडी घालण्याआधी, आणि साऱ्या गावाने मिळून. एकट्याच्या वावरात केले तर शेजारचे भुंगेरे येतातच.

ओळखू न येणारा भुंगेरा सापडला तर कोरड्या डबीत घालून सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. डबीत चिठ्ठी टाका: गाव, तालुका, तारीख, कोणत्या झाडावर सापडला. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. शाई ओलीने पसरते.