तळाची माती

आधी माझ्याच चुकीची गोष्ट सांगतो.

मी वरोऱ्याजवळच्या एका शाळेत हेडमास्तर होतो. शाळेत काचेची मोठी पेटी होती. तिच्यात पाणी, वाळू, पाण्यातली झाडे आणि गावतळ्यातले दहा-बारा लहान मासे होते.

काही वर्षांनी तळाची वाळू काळी पडली. तिला वास येऊ लागला. तपासणीला साहेब येणार होते. म्हणून मी एका दिवसात सारी पेटी रिकामी केली. जुनी वाळू फेकली. वर्धा नदीची वाळू धुऊन घातली. नळाचे ताजे पाणी भरले. पेटी आरशासारखी दिसू लागली.

चौथ्या दिवशी शिपाई धावत आला. "गुरुजी, मासे मेले जी! पाणी त चकचकीत हाये, मंग मेले कायले?"

मला उत्तर देता आले नाही. जवळच एक म्हातारे ढिवर उभे होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी त्याइचं घरच मोडलं."

त्यांचे बोलणे खरे होते. माशांच्या घाणीतून अमोनिया नावाचे विष पाण्यात उतरते. ते दिसत नाही. पण वाळूत फार बारीक जीव राहतात. ते या विषाचे हळूहळू खत करतात. ते खत झाडे घेतात. मी वाळूबरोबर हे जीवही फेकले. मग विष साचले.

मग योग्य रीत कोणती? मासे व झाडे जुन्याच पाण्यात, बादलीत ठेवावीत. आधी अर्धीच वाळू बदलावी. जुनी मूठभर वाळू फडक्यात बांधून नव्या वाळूवर ठेवावी. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग घालावे. उरलेली वाळू तीन-चार आठवड्यांनी बदलावी.

पेटी लहान, तळे मोठे. पण न्याय एकच.

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागात आणि गडचिरोली, गोंदिया, भंडारा जिल्ह्यांत मालगुजारी तळी आहेत. त्यांनाच मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी त्यांतली पुष्कळ तळी बांधली. १९५१ साली मालगुजारी गेली. पुढे अनेक तळी गाळाने भरली. २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. तळ्यातला गाळ शेतात टाकला की शेत सुधारते. तळ्यात पाणीही जास्त राहते. काम चांगलेच आहे.

पण यंत्राने एका उन्हाळ्यात सगळा तळ खरवडला, तर माझीच चूक पुन्हा होते. गाळात कमळाचे कंद असतात. पाणवनस्पतींची मुळे व बी असते. मरळ मासा काठच्या झाडोऱ्यात अंडी घालतो. झाडोरा गेला की मासा जातो. मासा गेला की ढिवराची चूल थंड पडते. फार खोल खणले, तर पाणी धरणारी चिकणमाती फुटते आणि तळे गळू लागते.

भंडारा, गोंदियाकडे ढिवर बंधुभगिनींनी वेगळी वाट धरली. 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' ही संस्था त्यांच्याबरोबर होती. त्यांनी तळ्यातली बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात तळ नांगरला. दुसऱ्या तळ्यातून देशी पाणवनस्पती आणून लावल्या. मग देशी मासे पुन्हा वाढू लागले.

तेव्हा यंत्र गावात येण्याआधीच ग्रामसभेत उभे राहा. तीन गोष्टी सांगा. यंदा अर्धा तळ काढू, उरलेला पुढे पाहू. काठाचा झाडोरा राखू. चिकणमातीला हात लावायचा नाही. आणि ढिवरांना विचारल्याशिवाय खुणा घालू नका. तळ त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक आहे.

प्रश्न
१. पाणी स्वच्छ असूनही मासे का मेले?
२. तळ्याचा सगळा गाळ एकदम का काढू नये?
३. तुमच्या गावच्या तळ्यात कोणकोणती झाडे आहेत? त्यांची नावे लिहा.