गुऱ्हाळाकरितां रानभेंडीची लागवड

उंसाच्या मळ्याच्या बांधावर मृगानंतर जें एक उंच, खरखरीत, पिवळ्या फुलांचें झाड उगवतें, तें पुष्कळ ठिकाणीं तण म्हणून उपटून टाकण्यांत येतें. आणि पुढें गुऱ्हाळ सुरू झालें म्हणजे त्याच झाडाची शोधाशोध होते. ज्यांस तें मिळत नाहीं, ते गुळाचा रंग उजळण्याकरितां हायड्रॉस नांवाच्या पुडीचा आश्रय करतात. रानभेंडी घरच्या बांधावर लावली असतां हे दोन्ही प्रसंग टळतात, असें आमचें मत असल्यामुळें तिची माहिती येथें देत आहों.

ओळख.— भेंडी, अंबाडी, कापूस व बागेंतील गुलखैरा यांच्याच कुळांतली ही वनस्पति होय. शास्त्रीय ग्रंथांत तिला ॲबेलमॉशस टेट्राफायलस म्हणतात. कांहीं ग्रंथकार ती मॅनिहॉट या जातीचा पोटभेद समजतात. खोडावर व बोंडांवर टोचणारी लव असते. फूल पिवळें असून मध्यभागीं गर्द जांभळें असतें. ओळखण्याची खरी खूण फुलाच्या बुडाशीं पाहावी. भेंडीच्या कळीखालीं दोऱ्यासारखीं ८ ते १२ बारीक पानें असतात व तीं लवकर गळतात. रानभेंडीस तीं रुंद, ४ ते ६ च असून बोंड वाळेपर्यंत टिकतात. कस्तुरभेंडी ही निराळी. तिचें बीं चोळलें असतां कस्तुरीसारखा वास येतो.

उपयोग.— उंसाच्या रसांत साखरेखेरीज माती, मेण, रंगद्रव्यें व इतर मळ असतो. तो राहिला तर गूळ काळसर होतो व पावसाळ्यांत पाझरतो. रानभेंडीचें खोड व मूळ ठेचून पाण्यांत चोळलें म्हणजे बुळबुळीत चीक सुटतो. काहिलींतील रस तापूं लागला कीं हा चीक त्यांत सोडतात. तो मळास आपल्यांत गुंतवून वर आणतो व दाट मळी जमते. ही मळी जोराची उकळी येण्यापूर्वीं झाऱ्यानें काढली पाहिजे. एकदां उकळी आली कीं ती फुटून पुन्हां रसांत मिसळते व सर्व खटाटोप व्यर्थ जातो. भेंडीनें चुन्याचें काम मात्र होत नाहीं. चुना रसाचा आंबटपणा मारतो, भेंडी मळ काढते. हायड्रॉस या दोहोंपैकीं कांहींच करीत नाहीं. तें केवळ रंग उडवतें. गूळ सांठवून ठेवला कीं तो पुन्हां काळवंडतो, आणि गंधकाचा अंश मात्र खाणाराच्या पोटांत जातो.

लागवड.— जमीन हलकी असली तरी चालते. मात्र पाणी सांचूं नये. बियांचें कवच कठीण असल्यामुळें तशाच पेरल्यास कांहीं बिया न रुजतां जमिनींत पडून राहतात. म्हणून बीं जाड वाळूबरोबर गोणपाटावर हलकेंच चोळावें व रात्रभर पाण्यांत भिजत घालावें. पाऊस पडून वाफसा येतांच बांधावर दीड ते २ फुटांवर, एकेका ठिकाणीं दोन-तीन बिया बोटाच्या एका पेराइतक्या खोल टोकाव्या. रोपें वीतभर झालीं म्हणजे एक जोमदार ठेवून बाकीचीं काढावीं. पहिला महिनाभर तण काढलें म्हणजे पुढें झाड आपली जागा आपणच राखतें.

काढणी.— गुऱ्हाळ लागण्याच्या सुमारास हिरवीं झाडें मुळासकट उपटावीं. झाड वाळून लाकूड झालें कीं चीक नीट सुटत नाहीं. गुऱ्हाळ पुष्कळ दिवस चालणार असल्यास कांहीं झाडें वेळींच कापून, तुकडे करून वाळवावीं व त्यांची पूड कोरड्या डब्यांत ठेवावी. बियांकरितां पांच-सहा झाडें राखून, बोंडें तडकण्यापूर्वीं हाताला फडकें गुंडाळून तोडावीं.

दक्षता.— कपाशीची ठिपक्यांची बोंडअळी या कुळांतील इतर झाडांवरही पोसते. म्हणून रानभेंडी कपाशीच्या किंवा भेंडीच्या शेजारीं लावूं नये, व बीं धरल्यावर वाळलेलीं झाडें बांधावर ठेवूं नयेत.

आणखी एक गोष्ट.— ज्यांचें गुऱ्हाळ नाहीं त्यांनींही हिला तुच्छ मानूं नये. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या करणारा केवडा रोग मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं नोंदला गेला. पांढरी माशी तो पसरवते. पुसा सावनी हा वाण प्रथम त्यापुढें टिकला, पण पुढें तोही बळी पडूं लागला. तेव्हां बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनें भेंडीचा या रानभेंडीशीं संकर करून अर्का अनामिका हा वाण काढला. आणि परभणीच्या कृषि विद्यापीठानें पुसा सावनीचा मॅनिहॉट जातीशीं संकर करून परभणी क्रांति हा वाण दिला. म्हणजे आपल्या भाजीच्या भेंडीस जें बळ नव्हतें, तें तिच्या रानांतल्या बहिणीनें दिलें. आतां या वाणांवरही रोग दिसूं लागला आहे. यास्तव असें बळ पुन्हां मागण्याची वेळ येणार, हें उघड आहे. तें ज्या झाडांत आहे तें बांधावरून समूळ नाहींसें झालें, तर मागावयाचें कोणाजवळ?

शेतकरी बंधूंनीं निदान एका बांधापुरता हा प्रयोग येत्या मृगांत करून पाहावा, अशी आमची विनंति आहे. खर्च म्हणावा तर मूठभर बियांचा व एका सकाळच्या श्रमाचा आहे.