गाडी शिकताय? आधी क्लच, मग घाट
भेंडी स्वतःच कल्याण मार्केटला न्यायची म्हणून बरेच जण पिकअप शिकताहेत. सुरुवातीला क्लच झटकन सुटतो, गाडी बंद पडते. त्याची लाज नको. मोकळ्या माळावर नुसत्या क्लचवर गाडी हळू सरकवायचा सराव करा. चढावर हँडब्रेक ओढा, अर्ध्या क्लचवर गाडीने ओढ घेतली की मगच सोडा.
कसारा, माळशेजच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल किंवा इंजिन बंद, हे अजिबात नको. इंजिन बंद झालं की ब्रेक जड होतो. भरलेली गाडी लहान गिअरवरच उतरवा.
लर्निंग लायसन्स 6 महिने चालतं, पक्क्याची टेस्ट 30 दिवसांनंतर. तोवर शेजारी लायसन्सवाला हवाच, आणि पुढे-मागे लाल ‘एल’.